काड्या दवाखान्यातल्या

काड्या मी दवाखान्यातून आणल्या,
चोरल्या म्हणा हवं तर.
घसा बघायच्या चपट्या लाकडी काड्या,
शंभराच्या पाकिटातल्या अकरा.
डॉक्टर गायधनींना सोमवारी सांगेन.

साचे कुठून आणू?
खोकल्याच्या औषधाची टोपणं आहेत, स्टीलचे दोन पेले,
आणि आप्पांचा दाढीचा मग,
जो फेब्रुवारीपासून लागलेला नाही.

द्राक्षं पिंपळगावची, हंगामाच्या शेपटाची,
मणी बारीक म्हणून पेटीत न बसलेली.
टेम्पोवाला मोबीन पिशवी दारात ठेवून म्हणाला,
"ताई, युरोपाला नको झाली, तुम्ही घ्या."
पहाटे पाचला मिक्सरमधून गाळणीत, गाळणीतून पातेल्यात
उतरला फिका हिरवा रस.
गोदावरीसारखा, असं लिहिणार होते,
पण रामकुंडावरून कालच आले.

लिंबू नाही.
हात सवयीने टोपलीकडे जातो, मी त्याला परत बोलावते.
लिंबू झोंबेल. मीठ झोंबेल.
तिसऱ्या सलाईननंतर आप्पांचं तोंड आतून सोललंय,
पेजसुद्धा ते डोळे मिटून गिळतात.
सिस्टर म्हणाल्या, थंड काहीतरी चोखू द्या.

थंड.
एकतीस वर्षं द्वारकेमागच्या कारखान्यात
आप्पांनी बर्फाच्या लाद्याच ओढल्या.
सदऱ्याला अमोनियाचा वास, खांद्यावर ओलं गोणपाट,
आणि घरात एक खडा आणला नाही कधी.
"तो खायचा नाही," म्हणायचे,
"माशांखाली तोच, मांडवातल्या सरबतात तोच,
आणि मुलगा गावाहून यायचाय म्हणून
थांबवून ठेवलेल्या म्हाताऱ्याखालीही तोच."
गल्लीत गारेगारवाल्याची घंटा वाजली
की आमचं दार लागायचं.

आता ते खाटेवरून स्वयंपाकघर चालवतात.
"काडी आत्ताच नको खुपसू, आडवी पडेल.
कडेने धरू लागला की मग."
"मधोमध पांढरं राहणार बघ.
आम्ही नळीने हवा सोडायचो,
लादी काचेसारखी निघायची."
महिन्याभरात एवढं बोलले नव्हते.
शेजारची तनुजा, करवंदांच्या बिया काढून
कोपरापर्यंत जांभळी झालेली,
दर पाच मिनिटांनी फ्रीज उघडून बघते.

सव्वादहाला लाइट गेली.
शनिवार. दुरुस्ती. दोनपर्यंत येणार नाही.
आप्पा उठून बसले.
"कोणी उघडू नका! गोणपाट आण."
घरात गोणी एकच, कांद्याची, जाळीची.
"ही काय कामाची?" ते चिडले.
मला बरं वाटलं.
शेवटी फ्रीजला मी गोधडी पांघरली,
वरून आईची शाल,
आणि भिंत धरत धरत ते आले,
गोधडीखाली हात घालून
दारावर तळवा टेकवून उभे राहिले,
ताप बघावा तसे.

दोनला फ्रीज घुरघुरला.
"टिकलंय," आप्पा म्हणाले, उघडायच्या आधीच.

मगातून काडी मी ओढायला गेले.
"ओढायचं नसतं. साध्या पाण्यात बुडव, थांब.
आपणहून सुटते."
सुटली.
मधोमध पांढरी, त्यांनी सांगितली तशी.

तनुजाने चार टोपणं संपवली,
पाचवं फ्रॉकवर.
आप्पा सावकाश चोखत राहिले,
ओघळ मनगटावरून खाली गेला, पुसला नाही.
मग उघडी काडी जिभेवर आडवी ठेवून
"आ" करून माझ्याकडे वळले.
दवाखान्यात मी रोज पन्नास तोंडं बघते.
हे बघितलं.
लाल, जागोजाग चट्टे,
त्यांवर हिरवट गार ओल.
"काय म्हणतंय?" काडी काढून त्यांनी विचारलं.
"मधोमध पांढरं आहे," मी म्हणाले.
ते हसले. हसताना दुखलं असणार.

पाच काड्या उरल्यात.
मोबीनला फोन करून ठेवलाय,
अजून एखादी पिशवी असली तर.